आधी ठसे नेले, आता थुंकी

ताई,

मी सोलापूरची. वय २६, नोकरी करते. समाजाचं नाव खाली लिहिलंय, पण छापू नका. विमुक्त जातींपैकी आहोत, एवढं पुरे. माझा मोठा भाऊ ३१ वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होण्याचा मानसिक आजार) झाला. आधी देवऋषी, गंडेदोरे सगळं करून झालं, मग दवाखाना. दोन वर्षांपासून तो क्लोझापिन या गोळीवर आहे आणि आता फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला जातो. गेल्या महिन्यात ओपीडीत डॉक्टर म्हणाले, मानसिक आजारांच्या जनुकांवर एक अभ्यास चालू आहे, त्यात तुमच्यासारख्या समाजांचे नमुने जवळजवळ नाहीतच, तर भाऊ, आई आणि तुम्ही तिघांनी थुंकीचा नमुना द्या. फॉर्मवर जात, पोटजात, आजीचं माहेरसुद्धा विचारलंय.

आई नको म्हणते, कारण माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मामा तर भडकलेच. म्हणाले, "आधी ठसे नेले, आता थुंकी न्यायला आले. उद्या म्हणतील, यांच्या अख्ख्या जातीच्या रक्तातच वेड आहे." त्यांना अशीही भीती आहे की डीएनएवरून उद्या जात पडताळणीत काहीतरी लफडं निघेल. भाऊ म्हणतो, द्या की. मी शिकलेली म्हणून सगळे मला विचारतात आणि मला काही सांगता येत नाही. नमुना दिला तर भावाला फायदा होईल का? नाही दिला तर डॉक्टर नाराज होतील का?

— एक बहीण

प्रिय बहीण,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात छोटं वाक्य भावाचं आहे. मामांचा राग सविस्तर आला, आईची काळजी आली, तुमची घालमेल आली. आणि ज्याच्या आजारावरून घरात एवढा खल चाललाय, त्याच्या वाट्याला दोनच शब्द: "द्या की."

मी तिथूनच सुरुवात करते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पन्नास शुभेच्छुकांचे फोटो कुणाचाही मानपान न दुखवता लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या थुंकीबद्दल ठरवता येतं. कायदाही तेच म्हणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आजार आहे म्हणून माणसाची निर्णयक्षमता गेली असं कुणी धरून चालू शकत नाही, आणि संशोधनात घ्यायचं तर त्याची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती लागते. तेव्हा भावाच्या थुंकीच्या नळीबद्दल भाऊ ठरवेल, आईच्या नळीबद्दल आई, तुमच्या नळीबद्दल तुम्ही. तिघांनी मिळून एकच हो किंवा एकच नाही म्हणायची गरज नाही. भाऊ हो म्हणाला आणि आई नको म्हणाली, तरी कुणी कुणाचा शब्द मोडला असं होत नाही.

पण हे एवढ्यावर सुटणारं नाही हेही मला कळतंय. कारण नळीत थुंकी एकाची पडते, फॉर्मवर जात मात्र सगळ्यांची लिहिली जाते. मामा नेमकं तेच बोलले, फक्त चिडून बोलले.

मामांना अडाणी समजू नका. सोलापुरात राहणाऱ्याला सेटलमेंट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून माणसाचा गुन्हा त्याच्या जन्माला चिकटवला. पुढे तारेच्या कुंपणात राहायचं, हजेरी द्यायची, नोंदणी करताना बोटांचे ठसे द्यायचे. तो कायदा गेला १९५२ साली. मामांच्या आई-वडिलांनी तो अंगावर घेतलेला असणार. तेव्हाही सरकारी माणसं वही घेऊन आली होती, जात विचारत होती आणि हे तुमच्याच भल्यासाठी आहे म्हणत होती. त्या घरातल्या माणसाने पांढरा कोट आणि फॉर्म पाहून पाय मागे घेतला, तर मला त्यात शहाणपण दिसतं.

मामांना एक गोष्ट वाचून दाखवा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड घळ आहे. तिच्या तळाशी सुपाई नावाच्या गावात हवासुपाई ही आदिवासी जमात राहते. रस्ता नाही, टपाल अजून खेचराच्या पाठीवरून जातं. या लोकांत मधुमेह फार. १९९० पासून पुढे अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त लोकांचं रक्त घेतलं. लोकांना वाटलं, मधुमेहाचं कारण सापडेल, पोरांचे पाय वाचतील. कागदावर मात्र मोघम शब्द होते: वर्तनाचे आणि शरीराचे विकार. त्या मोघम शब्दांच्या आडून तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासाला गेलं, जवळच्या नात्यात होणाऱ्या लग्नांच्या अभ्यासाला गेलं, आणि ही जमात मुळात आशियातून आली हे दाखवायलाही वापरलं गेलं. त्यांची श्रद्धा अशी की आपला उगम याच घळीत झाला. २००३ साली कार्लेटा टिलूसी ही त्या जमातीतली तरुणी विद्यापीठातल्या एका व्याख्यानाला जाऊन बसली. समोर मांडलं जात होतं ते तिच्याच माणसांच्या रक्तावरचं काम. तिने उभं राहून विचारलं, याची परवानगी घेतली होती का? पुढे सात वर्षं कोर्टकज्जे. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. या जमातीने मधल्या काळात त्या विद्यापीठाच्या लोकांना गावात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. म्हणजे मधुमेहाचं कामही बुडालं.

दुसरी गोष्ट न्यूझीलंडची, २००६ सालची. तिथल्या मूळच्या माओरी लोकांमध्ये एक विशिष्ट जीन, म्हणजे जनुक, जास्त दिसतो असं एका परिषदेत मांडलं गेलं. नमुना होता मोजक्या पुरुषांचा. पण त्या जीनला आधीच 'योद्धा जीन' असं चटकदार नाव पडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरांनी मारामारी, दारू, गुन्हेगारी सगळं त्या जीनच्या खाती टाकलं. तोच फरक चिनी लोकांत, आफ्रिकी लोकांत, गोऱ्यांतही सर्रास सापडतो. पण त्यांच्याबद्दल कुणी मथळा दिला नाही. "अख्ख्या जातीच्या रक्तातच" हे मामांचं वाक्य त्या दिवशी दुसऱ्या भाषेत छापून आलं होतं, एवढंच.

मग म्हणाल, ताई नाहीच म्हणायला सांगताय की काय? थांबा. न देण्याचीही किंमत असते, आणि ती तुमचा भाऊ रोज दोनदा गोळीबरोबर गिळतो.

क्लोझापिन सुरू केलं तेव्हाचं आठवा. सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त, 'पेशी बरोबर आहेत का' म्हणून. ही गोळी क्वचित एखाद्याच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवते, म्हणून एक आकडा ठरवलेला असतो. त्याखाली गेलात की गोळी बंद. आता हा 'नॉर्मल' आकडा आला कुठून? मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावरून. आफ्रिकी वंशाच्या आणि काही अरबी प्रदेशांतल्या कितीतरी लोकांच्या या पेशी जन्मापासूनच कमी असतात. आजार कसला नाही, जंतूंशी लढायला काही अडत नाही. हिवतापाच्या एका प्रकारापासून वाचवणारा एक जनुकीय फरक त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्याचा हा परिणाम. पण वर्षानुवर्षं अशा रुग्णांना क्लोझापिन नाकारलं गेलं किंवा मध्येच तोडलं गेलं. दुसऱ्या कुठल्याही गोळीला दाद न देणाऱ्या आजारावरची ही गोळी! अमेरिकेत २०१५ साली नियम बदलला. सर्वसाधारण रुग्णाला सुरुवातीला एका मायक्रोलिटर रक्तात १,५०० पेशी लागतात, या लोकांना १,००० चालतील असं ठरलं. तोपर्यंत किती जणांचे भाऊ फ्लेक्सच्या दुकानापर्यंत पोहोचलेच नसतील, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

दुसरं औषध कार्बामाझेपिन. फिट्सवर देतात, मूड वरखाली होणाऱ्या बायपोलर आजारातही देतात. क्वचित एखाद्याला त्याने अशी रिअ‍ॅक्शन येते की अंगाची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. जीवही जातो. २००४ साली तैवानच्या डॉक्टरांनी अशा ४४ रुग्णांचं रक्त तपासलं, तर ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी १५०२ हा एकच जनुकीय प्रकार निघाला. हेच औषध ज्यांना पचलं अशा १०१ जणांत तो होता फक्त तिघांत. युरोपीय लोकांत हा प्रकार जवळजवळ नसतोच. म्हणजे तिकडे कितीही मोठा अभ्यास केला असता तरी हे हाती लागलं नसतं. आपल्याकडे २००९ साली असे आठ रुग्ण तपासले, त्यांतल्या सहा जणांत तो सापडला. आकडा अगदी लहान आहे. पण ज्याचं अंग सोलून निघतं त्याला तुम्ही नमुना लहान होता असं सांगून बघा.

आता डॉक्टर "तुमच्यासारख्या समाजांचे नमुने नाहीत" म्हणाले ते किती खरं? २००९ साली जगातल्या असल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत भाग घेणारे ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. २०१६ साली पुन्हा मोजलं तेव्हा ८१ टक्के. सुधारणा दिसते खरी, पण मधल्या काळात वाढले ते मुख्यतः आशियातले लोक. आफ्रिकी आणि मूळनिवासी समाज होते तिथेच राहिले. स्किझोफ्रेनियात एक जीन बिघडला नि आजार झाला असं नसतं. शेकडो ठिकाणचे बारीक बारीक फरक थोडी थोडी भर घालतात. २०२२ सालच्या मोठ्या अभ्यासात ७६ हजारांवर रुग्ण होते आणि अशा २८७ जागा सापडल्या. या फरकांची बेरीज करून जोखमीचा आकडा काढतात, पण बेरजेचं कोष्टक बनलं बहुतांश युरोपीय लोकांवरून. ते आफ्रिकी वंशाच्या माणसाला लावलं की अचूकपणा चार-पाच पटींनी घसरतो. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांतही घसरतो, तेवढा नसला तरी.

युरोपबाहेरच्यांना घेतलं की सगळ्यांचंच ज्ञान वाढतं, याचंही उदाहरण आहे. नैराश्याचे जीन शोधायला युरोपीय वंशाचे हजारो रुग्ण तपासून झाले होते, हाती ठोस काही लागलं नव्हतं. २०१५ साली चीनमधल्या पाच हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, वारंवार आणि तीव्र नैराश्य येणाऱ्या बायका, आणि पहिल्यांदा दोन जागा पक्क्या सापडल्या.

आपल्याकडचं म्हणाल, तर चेन्नईची स्किझोफ्रेनियावर काम करणारी 'स्कार्फ' संस्था आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक यांनी मिळून २०१९ साली स्किझोफ्रेनियाचा एक अभ्यास छापला. जेमतेम तीन हजार लोक. त्यात सापडलेला धागा नायसिनकडे जातो, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व शरीरात कसं वापरलं जातं तिकडे. मला हे वाचून आपली ज्वारी आठवली. निव्वळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसायचा, हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. गोपालन यांनी त्यावर काम केलं होतं. पेलाग्रा म्हणजे याच जीवनसत्त्वाची कमतरता. कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि माणूस भ्रमिष्टही होतो. आता हे दोन धागे जोडून घरातली भाकरी बंद करू नका. तसं कुणीही सिद्ध केलेलं नाही, आणि सोलापुरात असा सल्ला दिला तर मला गावात कोण घेईल? पण विचारायला हवा असा प्रश्न आहे, आणि तो ज्वारीच्या मुलखातल्या माणसांशिवाय सुटणार नाही.

आजीचं माहेर विचारतात त्यालाही कारण आहे. शंभर पिढ्या म्हणा हवं तर, आपण सोयरिकी जातीतच करत आलो. त्यामुळे भारत हा जनुकांच्या दृष्टीने एक समाज नाही, हजारो छोटी तळी आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे थंगराज आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०१७ साली दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यांतले ८१ असे निघाले की थोड्याशा पूर्वजांपासून वाढलेल्या समाजाची खूण त्यांच्यात, याचं नेहमीचं उदाहरण असलेल्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आहे. अशा समाजात एखादा दुर्मीळ जनुकीय दोष घरोघर जाऊन बसतो. दक्षिणेतल्या वैश्य समाजात एक दोष आहे, तो असलेल्या माणसाला ऑपरेशनच्या वेळी एक विशिष्ट भुलीचं औषध दिलं की स्नायू तासन्‌तास लुळे पडतात. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ दुसरं औषध देतो, प्रश्न मिटला. व्यापारी, शिकलेला समाज. तिथे हे कळलं. तुमच्या समाजात असं काय आहे हे कुणी पाहिलेलंच नाही. सरकारच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात दहा हजारांच्या आसपास लोकांचे जीनोम, म्हणजे प्रत्येकाचा सगळा डीएनए, वाचून झाले, २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. त्यात ८३ समाजगट आहेत. मानववंशशास्त्र सर्वेक्षणाने देशात ४,६३५ समाज मोजले होते. आणि या प्रकल्पातली माणसं निरोगी. आजारी माणसांची नोंद तर त्याहून तुटपुंजी.

एक गोष्ट मामांना ठासून सांगा. एखाद्या समाजात आजार जास्त दिसला म्हणजे तो रक्तात आहे असं होत नाही. इंग्लंडमध्ये कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीयांत स्किझोफ्रेनिया गोऱ्यांच्या नऊ पट आढळतो असं २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात निघालं. पण खुद्द जमैकात, त्रिनिदादमध्ये, बार्बाडोसमध्ये मोजलं तर प्रमाण तेवढं नाहीच. रक्त तेच, बेटावर ठीक आणि लंडनमध्ये नाही. म्हणजे लंडनमधल्या जगण्यात काहीतरी आहे. उद्या कुणी म्हणालं की तुमच्या वस्तीत आजार जास्त, तर आधी वस्ती किती वेळा उठवली आणि पोलीस रात्री कितीदा आले ते मोजा म्हणावं, मग थुंकी.

जात पडताळणीचं मात्र मामांनी डोक्यातून काढून टाकावं. डीएनएमध्ये जातीचा दाखला नसतो. समितीला थुंकी नको, १९६१ च्या आधीचा पुरावा हवा असतो, आणि पालं घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसांनी तो आणायचा कुठून हा तुमचा खरा छळ आहे. तो छळ या नळीने वाढणार नाही आणि कमीही होणार नाही.

आईची काळजी: स्थळ. नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. अभ्यासातून ही बातमी स्थळाकडे जाणार नाही. भावाच्या आजाराची माहिती गल्लीत आधीच आहे, ती जायची तर तिथूनच जाईल. आकडे हवेत तर घ्या. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे शंभरात एकाला होतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत शंभरात नऊच्या आसपास, भाचरांत तीन-चार. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक बहिणींना होत नाही. आजार बहुतेकदा पंधरा ते तिशीत सुरू होतो, तेव्हा जोखमीची बरीच वर्षं तुम्ही मागे टाकली आहेत. साखरपुड्याआधी मुलाला स्वतः सांगा. जो ऐकून पळेल तो पुढे तुमच्या साध्या तापालाही पळाला असता.

आता सरळ उत्तरं. भावाला फायदा? नाही. रिपोर्ट मिळणार नाही, गोळी बदलणार नाही. खरं सांगायचं तर जनुकांच्या या सगळ्या खटाटोपातून स्किझोफ्रेनियाची एकही नवी गोळी अजून ओपीडीपर्यंत आलेली नाही. कुणी "याने तुमचा मुलगा बरा होईल" म्हणालं असेल तर ते खोटं आहे. द्यायचं तर पुढच्यांसाठी. डॉक्टर नाराज? होऊ देत. उपचार आणि अभ्यास यांचा एकमेकांशी संबंध ठेवता येत नाही, हे संमतीपत्रावर लिहिलेलं असायलाच हवं. केसपेपर तोच, गोळ्या त्याच.

संमतीपत्रावरून माझ्याच हातचं पाप सांगते. नव्वदच्या दशकात मी नवखी होते. एका अभ्यासासाठी वॉर्डातल्या बायकांचं रक्त गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. संमतीपत्र चार पानी, इंग्रजी. मी काय सांगायची? "काही नाही मावशी, रक्त तपासायचंय." अंगठा, पुढची. अंगठा, पुढची. एकीने अंगठ्याची शाई केसांना पुसली आणि विचारलं, "रिपोर्ट कधी मिळंल?" रिपोर्ट मिळणारच नव्हता. मी म्हटलं, कळवू. कोण कळवणार होतं? जातीच्या रकान्यात तर मी कितीतरी जणींपुढे 'इतर' लिहून मोकळी झाले, कारण विचारत बसायला वेळ नव्हता. आज नमुने नाहीत म्हणून जे रडतात त्यांत माझ्यासारखेही आहेत.

म्हणून तुम्ही तो फॉर्म घरी आणा. मराठीतला. एका जागी बसून सही करू नका, दोन-चार दिवस मागून घ्या. त्यात शोधायचं ते हे: नमुना फक्त मानसिक आजारांच्या कामासाठी आहे की "भविष्यातील कोणत्याही संशोधनासाठी"? हवासुपाईंना बुडवलं ते असल्याच वाक्याने. फक्त याच अभ्यासापुरती संमती देता येते का विचारा. उद्या मन बदललं तर नमुना नष्ट करून मिळेल का? तो देशाबाहेर जाणार का? जाणार असेल तर परदेशी भागीदारीसाठी केंद्राच्या समितीची मंजुरी लागते, ती आहे का? संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर असतो, नसेल तर तिथेच उठा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न फॉर्मवर बहुधा नसेलच: निष्कर्ष छापताना आमच्या समाजाचं नाव छापणार का? विश्लेषणाला जात लागते, मान्य. पण शोधनिबंधात 'पश्चिम महाराष्ट्रातला गट क्रमांक अमुक' असं लिहिता येतं. हे लेखी मागा. शिवाय जे सापडेल ते छापण्याआधी वस्तीत येऊन, आपल्या भाषेत सांगणार का? ही काही जगावेगळी मागणी नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या सान लोकांचे जीनोम २०१० साली छापून आले, त्यात आपल्या समाजाला विचारलंच नाही म्हणून ते चिडले आणि २०१७ साली त्यांनी स्वतःची आचारसंहिताच लिहून काढली. संशोधन करायचंय? आधी आमच्या परिषदेकडे या, समजेल असं बोला, आणि काय सापडलं ते परत येऊन सांगा. एकेकाळी शिकार करून पोट भरणाऱ्या, अख्ख्या जगाने 'मागास' म्हटलेल्या लोकांनी हे लिहिलं.

उत्तरं लेखी आणि सरळ मिळाली तर, माझं मत विचाराल तर, भावाने द्यावं. तुम्हीही द्या, वाटलं तर. आईला आग्रह करू नका. उत्तरं टोलवली, "तुम्हाला कळायचं नाही" असा सूर लागला, तर भावालाही सांगा की थांब, दुसरा अभ्यास येईल. त्याने तरीही द्यायचं ठरवलं तर ते त्याचं.

भेटीला जाताना मामांना बरोबर घेऊन जा. ते येणार नाहीत म्हणतील. समाजाच्या नावाचा प्रश्न तुम्हीच विचारायचा आहे असं सांगितलं तर येतील. त्यांना ठशांचं बोलू द्या. मध्ये मध्ये "मामा, जाऊ दे ना" करू नका. समोरचा डॉक्टर ते पूर्ण ऐकून घेतो की घड्याळ बघतो, यावरून तुम्हाला फॉर्मच्या चार पानांपेक्षा जास्त कळेल.

द्यायचं ठरलंच, तर नमुन्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. भावाची नळी पटकन भरेल. क्लोझापिनने रात्री उशी ओली होत असेलच. तुम्हाला मात्र वेळ लागेल, तोंड कोरडं पडतं तिथे बसलं की. चिंच आठवायची. आणि भावाला सांगून ठेवा, दवाखान्यासमोरच्या टपरीवरचा चहा नंतर.